नसलेला सातवा फलाट

चंदीगडला जाऊन आलो म्हटलं की लोक दोनच गोष्टी विचारतात. तळं पाहिलं का, आणि ती दगडांची बाग पाहिली का. तळं पाहिलं. बाग राहिली. नऊ दिवसांतले बहुतेक दिवस मी झिरकपूरच्या एका तिसऱ्या मजल्यावर बसून संगणकाच्या पडद्यावरचं एक बसस्थानक बघत होतो. प्रेक्षणीय स्थळांची माहिती हवी असणाऱ्यांचा या लेखानं हिरमोड होईल, हे आधीच सांगून टाकतो. आधी एक सांगायचं आणि नंतर दुसरंच हातात ठेवायचं, याचा मला सध्या फार राग आहे, आणि त्यात माझ्यावरचाही राग आला.

मी एकतीस वर्षं आमच्या तालुक्याच्या स्टँडवर गाड्या पुकारल्या. "प्रवाशांनी लक्ष द्यावे" हे वाक्य मी जितक्या वेळा बोललो, तितक्या वेळा बायकोचं नावही घेतलं नसेल. आमच्या धंद्यात एकच नियम होता आणि तो मला पहिल्याच दिवशी वरच्या साहेबांनी कान धरून शिकवला: गाडी गेटातून आत येत नाही तोवर पुकारायची नाही. मागच्या गावाहून फोन येवो, ड्रायव्हर ओळखीचा असो, तोंड बंद ठेवायचं.

धाकटा भाऊ दिगंबर केंद्र सरकारच्या नोकरीत होता. बदल्या होत होत शेवटची चंदीगडला झाली, तिथंच निवृत्त झाला, झिरकपूरला फ्लॅट घेतला आणि पाच वर्षांपूर्वी तिथंच गेला. त्याची मुलगी मुक्ता चार राज्यांतल्या पाच शाळांत शिकली. ती व्हिडिओ गेम बनवते. ती आणि दूरच्या गावांतले दोन सोबती, अशी तिघांची टोळी. डिसेंबरात त्यांचा पहिला गेम बाजारात येणार होता, नाव 'बदली', आणि त्यात स्टँडवरचा आवाज माझा होता. वहिनी थोरल्या मुलाकडे पुण्याला, नातवाच्या दिमतीला. पोरगी त्या दिवशी एकटी नको, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे मला माझा आवाज लोकांच्या तोंडावर पाहायचा होता.

झिरकपूर, धुक्यात

नांदेडहून पंजाबात जाणाऱ्या गाडीनं अंबाल्याला उतरलो, तर धुक्यामुळे नऊ तास उशीर. मुक्ता टॅक्सी घेऊन आली होती. "काका, बैठो ना, थंडी बघा किती आहे," म्हणाली. तिचं मराठी असंच, एक पाय इकडे आणि एक तिकडे. झिरकपूर म्हणजे काय, तर फ्लॅटच्या इमारती, त्यांच्यामध्ये लग्नाचे हॉल आणि त्या सगळ्यांच्या मधून न हलणारी वाहनं. विमानतळाच्या रस्त्यावर आम्ही पाऊण तास एका नवरदेवाच्या घोडीमागे उभे होतो. घोडीला झूल होती, नवरदेवाला स्वेटरसुद्धा नव्हता. आमच्याकडे असतं तर कुणीतरी मामा शाल घेऊन धावला असता.

घरी पोचल्यावर तिनं मला ट्रेलर दाखवला. ट्रेलर म्हणजे जाहिरातीचं दोन मिनिटांचं चित्र. धुळीनं भरलेलं स्टँड, बॅगा, एक दहा वर्षांची मुलगी, आणि वरून माझा आवाज: "प्रवाशांनी लक्ष द्यावे. फलाट क्रमांक सात वर…" आणि काळोख. माझ्या अंगावर काटा आला. खाली जगभरातल्या लोकांनी लिहिलेलं होतं. कुणी म्हणे हा आवाज मेलेल्या माणसाचा आहे, कुणी म्हणे हा देव आहे. मी मुक्ताला म्हटलं, "तुझ्या काकूला दाखव हे, तिला माझी किंमत नाही." मुक्ता हसली, पण उगाच हसल्यासारखी. प्रवासाचा शीण म्हणून मी तिकडे फार लक्ष दिलं नाही.

मग तिनं गेम दाखवला, सगळा नाही, फक्त एक जागा. हा प्रकार माझ्या वयाच्या वाचकांना समजावून सांगतो. यात कुणी कुणाला मारत नाही. त्या मुलीच्या वडिलांची बदली झालेली असते. आपण ती मुलगी. स्टँडभर हिंडायचं, चुकलेल्या प्रवाशांना त्यांची गाडी दाखवायची आणि शेवटी आपली गाडी पकडायची. शेवटच्या फलाटाच्या पलीकडे एक कडुनिंब आहे आणि त्याखाली सिमेंटचा बाकडा. त्या बाकड्यावर बसा असं गेम कुठंही सांगत नाही. पण जो बसेल आणि चार मिनिटं काहीही न करता बसून राहील, त्याच्या शेजारी मुलीचे वडील येऊन बसतात. कागदाच्या पुडीतले शेंगदाणे सोलून एकेक तिच्या हातावर ठेवतात. म्हणतात, "येईल गाडी. घाई नाही."

तो दिगंबर होता. चष्म्याची एक काडी जराशी वाकडी, तीसुद्धा होती. प्रत्येक बदलीला, प्रत्येक स्टँडवर तो पोरीला असेच दाणे सोलून द्यायचा.  मुक्ता म्हणाली, "हे कुणाला सांगू नका हं काका. ज्याचं त्याला सापडू दे. पूरा गेम मैंने इसी के लिए बनाया है."

दुसरा दिवस, उद्घोषकाची बढाई

सकाळी मुक्ता भाजी आणायला गेली आणि दार वाजलं. लातूरचा शंतनू. सेक्टर ३९ मधल्या सरकारी संशोधन संस्थेत जंतूंवर संशोधन करतो. चंदीगडात मराठी माणसं एकमेकांना गणपतीमुळे ओळखतात, तशी मुक्ताशी त्याची ओळख. रिकाम्या वेळात तो गेमबद्दलचे व्हिडिओ बनवतो आणि 'बदली'वर त्यानं म्हणे ढिगानं बनवले होते. आवाजवाले काका आलेत हे त्याला वॉचमनकडून कळलं.

"काका, एकदा म्हणा ना ते," म्हणाला. मी घसा खाकरला आणि म्हटलं. तो चक्क वाकून पाया पडला. "दोन वर्षं झाले काका हे ऐकायलोय. सकाळचा अलार्म हाच लावलाय."

मग त्यानं मला सातव्या फलाटाचं सगळं शास्त्र सांगितलं. गेमचा नकाशा आधीच लोकांच्या हाती आलेला, त्यात फलाट फक्त सहा. मग आवाज सात का म्हणतो? अर्थात सातवा लपवलेला आहे. चंदीगडात कित्येक वर्षं तेरा नंबरचा सेक्टरच नव्हता, बारानंतर थेट चौदा; अलीकडे कुठं मनीमाजरा या जुन्या वस्तीला तो आकडा दिला. मुक्ताताई अशा शहरात राहते, म्हणजे तिनं ते मुद्दाम केलंय. लोकांनी कडुनिंबाची पानं मोजली होती. विकणाऱ्या परदेशी कंपनीनं तर एक पोस्टर काढलं होतं, काळ्या कागदावर नुसता सातचा आकडा. शंतनूकडे ते फ्रेम करून होतं.

"फक्त हो का नाही सांगा," तो म्हणाला. हातातला फोन त्यानं टेबलावर ठेवला होता. "सातवा फलाट आहे ना?"

मला काय ठाऊक? मी तो गेम काल एका बाकड्यापुरता पाहिला होता. पण समोर कुणीतरी पाया पडलेला, बाहेर धुकं, हातात गरम चहा. मी म्हटलं, "आहे म्हणजे काय! मी स्वतः पुकारलाय. एकतीस वर्षांत मी पुकारलेली गाडी आली नाही असं झालेलं नाही."

हे खोटं होतं. एकदा झालं होतं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मागच्या गावाहून 'निघाली' म्हणून फोन आला आणि मी गाडी पुकारून टाकली. तापानं फणफणलेलं पोर घेऊन एक बाई जीपमध्ये बसली होती. ती माझ्या शब्दावर खाली उतरली. जीप गेली. गाडी वाटेत बंद पडली होती, ती संध्याकाळपर्यंत आली नाही. बाईनं मला एक शिवी दिली नाही. ती खांबावरच्या भोंग्याकडे बघत बसली होती. पोराचं पुढं काय झालं ते मला माहीत नाही, विचारायची हिंमत झाली नाही.

शंतनू गेला. मुक्ता मेथीच्या जुड्या घेऊन आली आणि ओट्यावर ठेवते न ठेवते तोच तिचा फोन थरथरायला लागला, तो थांबेचना. तिनं पाहिलं. टेबलावरच्या त्या फोननं माझं वाक्य उचललं होतं आणि ते जगभर गेलं होतं: आवाजानं स्वतः सांगितलं, सातवा फलाट आहे.

"काका," ती म्हणाली, "फलाट सहाच आहेत."

"मग मी सात कसं म्हटलं?"

ती आत गेली आणि एक घडी घातलेला कागद घेऊन आली. अडीच वर्षांपूर्वी ती आमच्याकडे आली होती तेव्हा आवाज घुमू नये म्हणून मला गोधड्यांच्या कपाटात उभं करून तिनं वीस वाक्यं म्हणवून घेतली होती. कागद तिच्या अक्षरातला. शेवटच्या ओळीत स्वच्छ लिहिलं होतं, फलाट क्रमांक सहा. मी तो कागद तेव्हा वाचलाच नव्हता. पुकारायला मला कागद लागतो होय, असं म्हणून मी तोंडपाठ म्हटलं होतं. आमच्या स्टँडला सात फलाट होते.

"तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही इतके खूश होता. आणि ती लाइन सगळ्यात छान आली होती. गेममध्ये घेणारच नव्हते. मी सगळ्या फाइल कंपनीला पाठवल्या. ट्रेलर बनवणाऱ्याला मराठी येत नाही, त्यानं नुसता आवाज ऐकून तीच उचलली. मैंने बताया था काका, कि ग़लती है. बोले, ग़लती नहीं है, लोग बात कर रहे हैं, तुम चुप रहो. करार में लिखा है, उनसे पूछे बिना मैं कुछ नहीं बोल सकती."

ती अशी पूर्ण हिंदीत गेली की मला कळतं, तिला रडू आवरायचं असतं. लहानपणापासून तसंच आहे. मी मेथी निवडायला घेतली.

सेक्टर १५, सकाळी अकरा

गेम येण्याच्या दिवशी शंतनू मला रिक्षानं न्यायला आला. मुक्ता येत नाही म्हणाली. निघताना मी तिला म्हटलं, "मी सांगून टाकतो त्यांना. माझ्यावर काही करार नाही." ती म्हणाली, "बघा सांगून."

सेक्टर १५ मधल्या एका तळघरात पंचवीस-तीस विद्यार्थी जमले होते. सगळ्यांच्या अंगात काळे टी-शर्ट, पाठीवर सातचा आकडा. मलाही एक दिला आणि तो मी स्वेटरवरून चढवला, नाही म्हणता आलं नाही. मग मी शंतनूला बाजूला घेतलं. "ऐक, माझी चूक झाली. फलाट सहाच आहेत. मी म्हणताना चुकलो."

तो माझ्याकडे बघून इतका आनंदानं हसला की मला लाज वाटली. "मुक्ताताईनं शिकवलं ना असं बोलायला? मस्त काका. म्हणजे पक्का आहे."

मी पुन्हा सांगितलं. त्यानं ते सगळ्यांना हिंदीत सांगितलं आणि टाळ्या पडल्या. मी एकतीस वर्षं रद्द झालेल्या गाड्यासुद्धा पुकारल्या आहेत. लोक वैतागत, पण ऐकत आणि गाठोडी उचलून उठत. खरं सांगितलं म्हणून टाळ्या मिळाल्याचा हा पहिलाच प्रसंग, आणि माझ्यावर कुणाचाच विश्वास बसलेला नव्हता.

अकरा वाजता त्यांनी दहापासून उलटे आकडे मोजले आणि शंतनू खेळायला बसला. भिंतीएवढा पडदा. स्टँड सुंदर होतं हो. पाणपोईवरची शेवाळलेली फरशी, झोपलेलं कुत्रं, कंडक्टरच्या हातातल्या पेटीचा आवाज. मुक्तानं यात चार वर्षं घातली आहेत. एक म्हातारी त्या मुलीला विचारते, "बाळा, माझी गाडी कुठली?" शंतनूनं बटण दाबून तिचं बोलणं पुढं ढकललं. एक नवी नवरी रडत असते, तीही ढकलली. तो धावत होता. सगळ्या खोलीला धावायची घाई होती. म्हातारीनं पुढं काय सांगितलं असतं हे तिथं कुणालाच नको होतं.

शेवटच्या फलाटाच्या पलीकडे पोचल्यावर तो थांबला. मी पुढं सरकलो. त्यानं कडुनिंबाला तीन फेऱ्या घातल्या. मागच्या भिंतीवर एकेका विटेला धडका दिल्या. बाकड्यावर चढून त्यानं भिंतीपलीकडे उडी मारून पाहिली, पुन्हा चढला, पुन्हा उडी. माझ्या तोंडून निघून गेलं, "बस रे बाबा. जरा बस."

"थांबा काका, भिंत बघू द्या."

सांगून टाकावं असं शंभर वेळा वाटलं. मुक्ताला शब्द दिला होता, आणि सांगितलं असतं तरी त्यांनी त्याचाही सातवा फलाट केला असता. दीड वाजता त्या मुलीची गाडी आली, ती चढली, खिडकीत वडील बसलेले दिसले आणि पडदा काळा झाला. कुणीतरी मागून म्हणालं, "बस? इतना ही?"

 शंतनूनं लॅपटॉप उघडला. व्हिडिओवर लावायची दोन चित्रं त्यात तयार होती. एकात तो हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून उभा, खाली लिहिलेलं 'गेम नहीं, चमत्कार'. दुसऱ्यात कपाळाला हात लावून, खाली 'दो साल का धोखा'. दोन्हींत शर्ट एकच. फोटो आठवड्यापूर्वीचे.

"प्रयोगशाळेत पण निकाल आधी लिहून ठेवतोस का रे?" मी विचारलं.

"तिथं गाईड हाकलून देईल," तो म्हणाला. त्याला टोमणा कळला होता, तो कोडगा नव्हता. "इथं पहिल्या तासात टाकला नाही तर कोण बघतंय, काका? आणि मी काय चुकीचं बोलायलोय? दोन वर्षं वाट बघितली. ती उगाच बघितली का मी?"

त्यानं दुसरं चित्र निवडलं. 

चौथी मंजिल

पुढचे दोन दिवस मुक्ता लोकांची मतं मोठ्यानं वाचत होती, किराण्याची यादी वाचावी तशा आवाजात. प्रत्येक मताशेजारी तो माणूस किती मिनिटं खेळला ते दिसतं. 'आयुष्यातला सर्वोत्तम खेळ', असं लिहिणारा दोन मिनिटं खेळला होता. 'थोतांड', अकरा मिनिटं. एकानं लिहिलं होतं की मी विकत घेतलेला नाही, पण सातवा फलाट नाही असं ऐकलं, म्हणून वाईट. एकानं मला म्हातारा खोटारडा म्हटलं होतं. ते तिनं वाचता वाचता गाळलं, पण माझी नजर अजून शाबूत आहे. शिव्या देणाऱ्यांइतकाच मला त्या दोन मिनिटांत धन्य झालेल्याचा राग आला. त्यानंही गेम पाहिला नव्हता, स्वतःनं पाहिलेली वाटच पाहिली होती.

तिसऱ्या दिवशी वरच्या, चौथ्या मजल्यावरच्या गुरमीत आंटी गोभी-गाजर-शलगमचं आंबटगोड लोणचं घेऊन आल्या. बाई सत्तरीच्या, ट्रेलर वगैरे कशाचाच पत्ता नाही. "की बणाया है कुड़ी ने, मैनूं वी दिखाओ," म्हणाल्या; पोरीनं काय बनवलंय ते त्यांना बघायचं होतं. मुक्तानं नको नको म्हणत त्यांच्या हातात गेम खेळायचं यंत्र दिलं. आंटींनी म्हातारीचं सगळं बोलणं ऐकून घेतलं, तिला गाडीत बसवून दिलं, नवरीची विचारपूस केली, आणि तासाभरानं कडुनिंबाखाली पोचल्या. "मैं तां बैह जानी आं ज़रा. गोडे दुखदे ने." त्यांचे स्वतःचे गुडघे दुखत होते, म्हणून त्यांनी त्या मुलीला बाकड्यावर बसवलं आणि चहाचा कप उचलला.

चार मिनिटं गेली. दिगंबर आला, शेजारी बसला, पुडी उघडली.

आंटींनी कप खाली ठेवला. "हाय, ये तो अपने भाईसाहब हैं!" त्या ओढणीचं टोक डोळ्यांना लावून दाणे संपेपर्यंत बसून राहिल्या. मुक्ता स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. माझी खात्री आहे, तिच्या चार वर्षांची पुरती किंमत त्या एका दुपारी वसूल झाली.

सुखना आणि सेक्टर ३२

दुसऱ्या दिवशी आम्ही सुखना तळ्यावर गेलो. पाणी आणि आकाश एकाच राखाडी रंगाचं, डोंगर दिसतच नव्हते. कठड्यापाशी माणूस कढईतल्या वाळूत शेंगा भाजत होता. आमच्याकडे शेंगा घरच्या, म्हणून विकत घ्यायचं जिवावर येतं. तिथं थंडीत प्रत्येकाच्या हातात पुडी असते आणि पायाखाली टरफलं. येताना सेक्टर ३२ वरून आलो. दिगंबर शेवटचे अकरा दिवस तिथल्या सरकारी रुग्णालयात होता. मुक्तानं रिक्षा थांबवली नाही, नुसतं बोट दाखवलं. "वॉर्डाबाहेर एक बाकडा होता. मी त्यावरच झोपायचे. वाटायचं, बसून राहिलं तर बाबा येतील बाहेर." मी तिचा हात धरला. 

घरी पोचलो तर कंपनीचा फोन आला. ती इंग्रजीत बोलत होती, म्हणजे ऐकतच होती. ठेवल्यावर म्हणाली, "सातवा फलाट घालायचा आहे. दहा दिवसांत. नाहीतर ते गेम दुकानातून काढून घेतील."

"घाल मग. एक फलाट तर आहे."

"कुठे?"

तिनं नकाशा उघडला. पहिल्या फलाटाच्या अलीकडे गेट. सहाव्याच्या पलीकडे कडुनिंब, बाकडा, भिंत. भिंतीच्या पुढं काही नाही, जग तिथं संपतं. मी म्हटलं, झाड राहू दे, बाकडा राहू दे, कडेनं घाल. तिनं झाडाच्या अलीकडे एक गाडी आणून उभी केली आणि माझ्याकडे वळली. "काका, तुम्ही सांगा. गाडी वळेल?"

मी खिशातलं पेन काढून पडद्यावर लावलं. गाडीची लांबी, मागं घ्यायला लागणारी जागा, पुढच्या चाकाचं वळण. दोनदा लावून पाहिलं. आमच्या स्टँडवर एकदा साहेबांनी विचारलं होतं तेव्हाही मी असंच मोजून सांगितलं होतं आणि एक पिंपळ गेला होता.

"नाही वळणार," मी म्हटलं.

"खोटी वळवता येईल. पण ज्यांनी पानं मोजली ते हेही मोजतील."

"दुसरीकडे कुठंतरी बसव त्याला."

"दुसरीकडे लोक धावत असतात, काका. तिथं कोण बसेल? हीच एक जागा होती." मग ती म्हणाली, "बाकी दोघांच्या घरीही लोक आहेत. मी एकटीसाठी नाही म्हणू शकत नाही."

तिनं माझ्यासमोरच झाड उचललं. मग बाकडा. एवढंसं टक् असा आवाज झाला. मी तिला सांगितलं की हे सगळं माझ्यामुळे झालं. ती म्हणाली, "हो काका," आणि तेवढ्यावर थांबली. नाही असं ती म्हणेल अशी मला आशा होती, हे कबूल करतो.

नवव्या दिवशी सकाळी तिनं मला रजयांच्या कपाटात उभं केलं. हातात कागद दिला. या वेळी मी चष्मा लावून तो दोनदा वाचला. प्रवाशांनी लक्ष द्यावे. फलाट क्रमांक सात वर गाडी लागत आहे. तिनं बोट वर केलं.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे. फलाट क्रमांक सहा वर…"

तिनं पुन्हा बोट वर केलं. पुन्हा सहाच आलं. कागद डोळ्यांसमोर होता आणि जीभ ऐकत नव्हती. बाहेर गुरमीत आंटींच्या गच्चीवर कुणीतरी गालिचा झटकत होतं, ते संपेपर्यंत आम्ही थांबलो. तिसऱ्या वेळी मी बरोबर म्हटलं.

घरी

परत येऊन महिना झाला. आमच्या स्टँडवर आता यंत्रातली बाई गाड्या पुकारते. मी संध्याकाळी तिकडे फिरायला जातो. बाकड्यांवर माणसं असतात, फोनमध्ये मान घालून बसलेली. एखादं पोर आईबापाच्या शेजारी पाय हलवत बसलेलं दिसलं की मी दुसरीकडे बघतो.

परवा तिथंच असताना शंतनूचा फोन आला. आवाजात पुन्हा पहिला उत्साह. "काका, बघितला का? सातवा फलाट आला! तुम्ही बरोबर होता. मी आधीचा व्हिडिओ काढून टाकला, दुसरा घातला." सगळीकडे आता चांगलं बोलतात म्हणाला. मुक्ताताईनं ऐकलं लोकांचं, म्हणाला.

मी विचारलं, "त्या जागी आधी काय होतं, आठवतं?"

त्यानं आठवून पाहिलं. प्रामाणिक पोरगा आहे, उगाच काहीतरी सांगून टाकणारा नाही.

"तिथं? तिथं आधी काहीच नव्हतं, काका."